नाताळात न्यूरेंबर्गला: दुपारी दोनला बंद होणारा बाजार



डिसेंबर लागला की तालुक्याच्या बेकऱ्यांमध्ये केकचे खोके रचले जातात, दुकानांवर चांदण्यांचे कंदील लागतात आणि आपण म्हणतो, नाताळ आला. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या 'नाताल'वरून आपल्याकडे आला आणि मराठीच होऊन गेला. वसई, गोवा, अहिल्यानगर, जालना या भागांतली ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हा सण करतात. तेव्हा नाताळ आपल्याला काही नवा नाही. पण जिथे अख्खं शहरच नाताळ करतं, तिथे तो कसा असतो, हे मी गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. माझी धाकटी बहीण जर्मनीत न्यूरेंबर्ग नावाच्या शहरात नर्स आहे. तिच्याकडे मी तीन आठवडे राहून आले. परत आल्यापासून प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच, "ताई, तिकडचं सांगा की." म्हणून आजचं बोलणं त्यावर.

हे नुसतं हौसेचं नाही बरं का. आपल्या कितीतरी मुली नर्सिंग शिकतायत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. न्यूरेंबर्ग त्याच्या शेजारच्या बव्हेरिया राज्यात आहे. उद्या तुमच्यातल्या एखादीची लेक तिकडे असेल आणि म्हणेल, "आई, सुट्टीला ये." तेव्हा माहिती असलेली बरी.

दुसरं कारण आपल्या गटाचं आहे. जायच्या दीड-दोन महिने आधीची दिवाळी मी मनात घेऊनच विमानात बसले होते.

त्या दिवाळीला आपल्या गटाकडे चकली, चिवडा, शंकरपाळी, लाडू यांच्या ऑर्डरी भरपूर होत्या. धनत्रयोदशीला सगळं संपत आलं होतं. तेवढ्यात एका कचेरीतून फोन आला, आणखी चाळीस किलो फराळ हवा. मी कुणालाही न विचारता हो म्हटलं. बायका दोन रात्री तळत बसल्या. नरक चतुर्दशीच्या पहाटे अडीच वाजता आपल्या एका काकूंना डुलकी लागली, झारा सटकला आणि उकळतं तेल मनगटापासून कोपरापर्यंत आलं. महिनाभर पट्टी होती. त्या सकाळी त्यांच्या घरी मुलांना उटणं लावायला कुणी नव्हतं. मी भेटायला गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, ऑर्डर पुरी झाली ना?" मला काय बोलावं ते सुचेना.

हे लक्षात ठेवा. आता न्यूरेंबर्गला जाऊ.

जाण्याआधीचे कागद

परदेश म्हणजे आधी कागद. पासपोर्ट तर हवाच, पण फिरायला जायचं तर व्हिसा, म्हणजे त्या देशाची परवानगी लागते. युरोपातल्या २९ देशांसाठी एकच परवानगी चालते, तिला शेंगेन व्हिसा म्हणतात. या व्हिशावर १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. आपल्या पैशात साधारण नऊ-दहा हजार धरा, युरोचा भाव रोज बदलतो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे त्यावर वेगळे. शिवाय किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा काढावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. नाताळासाठी गर्दी असते, म्हणून गणपतीच्या सुमारासच कामाला लागायचं.

तिकडे कुणाची लेक किंवा बहीण असेल, तर ती तिथल्या कचेरीतून जबाबदारीपत्र काढून पाठवू शकते. त्याचा अर्थ असा की, पाहुणीचा राहण्या-जेवणाचा, दवाखान्याचा खर्च माझ्यावर. माझ्या बहिणीने ते पाठवलं, तिकीटही तिनेच काढलं. मी इकडून बँकेचं पासबुक, माझ्या कामाचं पत्र आणि नावावरचा सातबारा जोडला. आपण परत येणार आहोत हे त्यांना पटावं लागतं.

डब्याचंही सांगते, कारण आपल्याला पहिली काळजी त्याचीच. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, खवा घरी ठेवला. लसणाची चटणी, मेतकूट आणि चकलीची भाजणी नेली. बहिणीने पिशवी उघडली, भाजणीचा वास घेतला आणि तिथेच डोळे पुसले.

थंडी मात्र आपल्या कल्पनेपलीकडची. पारा शून्याच्या आसपास असतो. सूर्य सकाळी आठला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. आपल्यापेक्षा घड्याळ साडेचार तास मागे. म्हणजे आपल्याकडे रात्री पावणेनऊ वाजता बायका जेवणं आवरत असतात, तेव्हा तिकडे नुकताच दिवस बुडतो. साडीवर मोठा कोट, आत लोकरीचे दोन थर आणि पायात जाड बूट, असा माझा अवतार होता.

लाकडाचं आणि कापडाचं गाव

आता बाजार. जर्मनीत नाताळाआधी चार रविवार मोजतात. फांद्यांच्या गोल चक्रावर चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक जास्त लावायची. चौथी लागली की सण आला. या चार आठवड्यांत गावोगावी चौकात नाताळाचा बाजार भरतो. न्यूरेंबर्गचा बाजार सगळ्या जगात नावाजलेला आहे. त्याचा जुना लेखी पुरावा १६२८ सालचा आहे. दुसऱ्या महायुद्धात, २ जानेवारी १९४५ रोजी, बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. पडक्या भिंतींमध्ये लोकांनी १९४८ साली बाजार पुन्हा सुरू केला. त्याचं नाव 'क्रिस्टकिंडल्समार्क्ट', म्हणजे बाळ येशूचा बाजार.

आपल्याकडे नाताळ म्हटलं की लाल कपड्यातले सांताबाबा डोळ्यांपुढे येतात. तिथे मुलांना भेटवस्तू आणतं ते क्रिस्टकिंड. शहरात दर दोन वर्षांनी १६ ते १९ वयाच्या एका मुलीची त्यासाठी निवड होते. सोनेरी झगा, डोक्यावर मुकुट घालून ती चर्चच्या उंच सज्जात उभी राहते आणि बाजार उघडल्याचं जाहीर करते. इतक्या उंचावर चक्कर येता कामा नये, हीसुद्धा निवडीची एक अट असते. मग महिनाभर ती दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत, लहान मुलांत फिरते. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी ही सतरा वर्षांची मुलगी निवडली गेली. तिचे वडील भारतातून तिकडे गेलेले. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या दिसण्यावरून वाईट लिहिलं. पण शहरातले आणि देशभरातले लोक तिच्या बाजूने उभे राहिले आणि त्या पक्षाला माफी मागावी लागली. बहिणीने ही गोष्ट मला बाजारात, त्या सज्जाखाली उभं राहून सांगितली. परक्या मुलखात राहणाऱ्या पोरीला अशा गोष्टीचा केवढा आधार असतो, ते तिच्या आवाजावरून कळलं.

बाजारात लाकडी खोपटांच्या रांगा आहेत, प्रत्येकावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. तिथले लोक त्याला लाकडाचं आणि कापडाचं गावच म्हणतात. प्लास्टिकच्या हिरव्या माळा तिथे चालत नाहीत. कर्ण्यावरची गाणीही नाहीत. त्यामुळे एवढ्या गर्दीतही माणसांचे आवाज ऐकू येतात. गरम पेय चिनीमातीच्या पेल्यात देतात आणि पेल्याची अनामत घेतात. पेला परत केला की पैसे परत. कागदाचे, प्लास्टिकचे कप पायात येत नाहीत. आपल्या जत्रेतला चहा आठवला आणि मी ही गोष्ट वहीत लिहून घेतली.

मला सगळ्यांत आवडली ती सुक्या आलुबुखारांची माणसं. तारेवर सुकी फळं ओवून हातपाय करायचे, अक्रोडाचं डोकं लावायचं, वर चिंध्यांचे कपडे. कुणी शेतकरी, कुणी म्हातारी, कुणी वाजंत्री. खर्च थोडा, कला हाताची. याच बाहुल्यांच्या नावाची सोनेरी, चंदेरी आणि कांस्य बक्षिसं शहर दरवर्षी सगळ्यांत सुंदर दुकानांना देतं.

आणि खाण्यात 'लेबकुखन'. हा सुकामेवा आणि मसाल्यांचा गोल, जाड, मऊ केक. पहिल्या घासाला मला वेलची आणि लवंग लागली आणि मी बहिणीकडे बघतच राहिले. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ हे सगळं शेकडो वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या हातून आपल्या पूर्वेकडच्या मुलखांतून तिथे पोचलं. न्यूरेंबर्ग त्या काळी मोठी पेठ होती, आणि आसपासच्या जंगलात मध मुबलक. यातला सगळ्यांत वरच्या दर्जाचा प्रकार 'एलिजन'. त्यात निदान चौथा हिस्सा बदाम, अक्रोड किंवा हेझलनट असावाच लागतो आणि पीठ शेकडा दहापेक्षा जास्त चालत नाही. शहराच्या हद्दीत भाजलेल्यालाच 'न्यूरेंबर्गचे लेबकुखन' हे नाव लावता येतं. १९९६ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला काय आठवलं? आपल्या सांगलीच्या हळदीला, कोल्हापूरच्या गुळाला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना असंच भौगोलिक मानांकन आहे. फक्त मानांकन मिळून भागत नाही. ते नाव आपल्या पाकिटावर लावायचं तर पिकवणाऱ्याने, बनवणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ज्या गटांचा माल त्या भागातला आहे, त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

चोवीस तारखेची संध्याकाळ

आता माझी फजिती ऐका.

मला वाटलं, सण पंचवीसला, म्हणजे चोवीसच्या संध्याकाळी बाजार नुसता फुलून जाणार. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झेंडू, लाह्या, बत्तासे घेणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो ना, तसा. बहिणीला त्या रात्री ड्युटी होती. निघताना ती दोनदा म्हणाली, "अक्का, दूध-भाजी सकाळीच आणून ठेव, नंतर काही मिळणार नाही." मी म्हटलं, "बघते गं." दुपारी जेवून जरा आडवी झाले. चारला उठले, कोट चढवला, पिशवी घेतली आणि निघाले.

बाहेर अंधार पडत होता. भाजीचं दुकान बंद. मोठं दुकान बंद. त्याच्या पुढचंही बंद. चालत चौकात गेले, तर लाकडी खोपटांना फळ्या लागलेल्या. काल जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे झाडूवाला आणि मी. चर्चची घंटा वाजत होती. घराघरांच्या खिडक्यांत उजेड होता आणि रस्त्यावर माणूस नाही. इतक्या मोठ्या शहरात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मागून कळलं ते असं. नाताळाचा बाजार चोवीस तारखेला दुपारी दोनलाच कायमचा आटोपतो. दुकानांनाही त्या दिवशी दोनला बंद करण्याचा कायदा आहे. मुख्य सण चोवीसच्या संध्याकाळी, आणि तो घरात. झाडाखाली भेटवस्तू उघडतात, ज्यांना जायचं ते चर्चमध्ये जातात. पंचवीस आणि सव्वीस हे दोन्ही दिवस सरकारी सुट्टीचे, त्यामुळे तेव्हाही दुकानं बंदच.

रिकामी पिशवी घेऊन मी जिन्याने वर चढत होते. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि हसल्या. त्यांना मराठी नाही, मला जर्मन नाही. मी मोबाइलवर भाषांतर लावलं. त्यांनी हाताने खूण केली, आत ये.

टेबलावर एक मेणबत्ती, बटाट्याचं सॅलड आणि उकडलेली सॉसेज. एवढंच. मी आपली मनात म्हणतेय, एवढा मोठा सण आणि पानात एवढंच? पुरण नाही, वडे नाहीत, चार भाज्या नाहीत. मी सॉसेज नको म्हटलं, त्यांनी पाव आणि चीज पुढे केलं. मग मोबाइलवर विचारलं, आज गोडधोड नाही का? त्या बोलल्या आणि मोबाइलने मराठीत सांगितलं. मोठं जेवण उद्या. आज संध्याकाळी कुणी चुलीपाशी उभं राहायचं नाही. सॅलड कालच करून ठेवलंय, मुरलं की चांगलं लागतं. माझी आई असंच करायची, म्हणजे तिलाही आमच्याबरोबर बसता यायचं.

मी घास हातात धरून तशीच बसले. मला आपल्या काकूंचा हात दिसत होता.

जर्मनीत कितीतरी घरांत चोवीसच्या रात्री हेच साधं जेवण असतं. म्हणून तिथल्या बायकांना काम नसतं असं समजू नका. महिनाभर बिस्किटं भाजणं, साफसफाई, भेटी बांधणं हे सगळं बहुतेक घरांत त्याच करतात, आणि पंचवीसच्या जेवणाला बदक किंवा हंस भाजायचं तर सकाळ त्यातच जाते. पण एक संध्याकाळ ठरलेली आहे. त्या वेळी दुकानातली बाईही घरी असते आणि घरातली बाईही टेबलाशी बसलेली असते.

आधीच्या आठवड्यात बाजारात बाहुल्या विकणाऱ्या एका बाईंना मी बहिणीकडून विचारून घेतलं होतं, शेवटच्या दिवशी लवकर बंद करता, नुकसान होत नाही का? त्या म्हणाल्या, लोकांना माहीत असतं आम्ही दोनला जाणार, म्हणून ते दोनच्या आत येतात. आणि घरी गेल्यावर काय करता? तर म्हणाल्या, पाय गरम पाण्यात घालून बसते. तेव्हा आम्ही तिघीही हसलो. चोवीसच्या रात्री त्या बोलण्याचा अर्थ कळला.

सणाला जे कामावर असतात

सगळेच काही घरी नसतात. दवाखाना बंद होत नाही. माझी बहीण त्या रात्री वॉर्डात होती. ट्राम चालवणारे असतात, फेऱ्या मात्र कमी होतात. पोलीस असतात, अग्निशामक दल असतं. पण त्यांच्यासाठी नियम आहे. सरकारी सुट्टीच्या दिवशी ज्याने काम केलं, त्याला आठ आठवड्यांच्या आत बदली सुट्टी द्यावीच लागते. सणाच्या कामाला जादा पैसे देण्याचीही पद्धत आहे, आणि त्या जादा पैशांवर ठरावीक मर्यादेपर्यंत कर लागत नाही.

सकाळी बहीण घरी आली. मी भाजणीच्या चकल्या करायला घेतल्या होत्या, तिला आवडतात म्हणून. ती म्हणाली, "अक्का, आज नको. तू पण बस." आम्ही दोघींनी मेतकूट-भात खाल्ला आणि दुपारपर्यंत झोपलो. सणाच्या दिवशी दुपारी झोपल्याचं मला माझ्या उभ्या आयुष्यात आठवत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बाजार बघायचा तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सोमवार ते गुरुवार जा, शनिवार-रविवारी फार रेटारेटी असते. दुपारी चारनंतर दिवे लागले की शोभा खरी, पण पर्स कोटाच्या आत ठेवा. तीन दिवसांचं दूध, भाजी, पाव, पीठ तेवीसलाच भरून ठेवा. रोजच्या गोळ्या इथूनच न्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. तिथे मेडिकलची दुकानं सणाला पाळीपाळीने उघडी असतात, जवळचं कुठलं ते आधी बघून ठेवा. जिवावरचं संकट असेल तर ११२ नंबर, आणि रात्री-सणाला साध्या दुखण्यासाठी डॉक्टर हवा असेल तर ११६११७. शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटून घ्या. चोवीसच्या संध्याकाळी एकटं राहायची वेळ आली, तर चर्चमध्ये प्रार्थनेला कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. आणि लेकीला रात्रपाळी असेल तर रुसू नका, तिलाही तितकंच वाईट वाटत असतं.

परत आल्यावर

जानेवारीत परत आले. ग्रामसंघाच्या बैठकीत पहिल्यांदा मी माझी चूक सगळ्यांसमोर कबूल केली. कुणाला न विचारता ऑर्डर घेतली, ती माझी चूक, हे इतिवृत्तात लिहून घेतलं. मग प्रस्ताव मांडला. पुढच्या दिवाळीला वसुबारसेनंतर नवी ऑर्डर घ्यायची नाही. धनत्रयोदशीला दुपारी दोन वाजता शेवटचं पाकीट द्यायचं आणि कढई उतरवायची.

लगेच एकमत झालं असं नाही. एक वहिनी उठल्या आणि सरळ म्हणाल्या, "ताई, तुमच्या बहिणीच्या देशात सरकार सुट्टी देतं. इथे आम्ही कढई उतरवली तर मिठाईवाला चढवील. गरिबाला सुट्टी परवडत नाही." बोलणं खोटं नव्हतं. दुसरी म्हणाली, गटात कढई उतरवली तरी घरी चढणारच आहे. तेही खरं. दोन बैठका यावरच झाल्या. शेवटी ज्यांचा हात भाजला होता, त्या काकू बोलल्या. म्हणाल्या, "मला पोरांना उटणं लावायचंय. बाकी तुम्ही ठरवा."

मग आम्ही असं केलं. ऑर्डरी नवरात्रातच घ्यायला सुरुवात केली. निम्मे पैसे आगाऊ घेतले. चिवडा, शंकरपाळी, शेव असे टिकणारे पदार्थ आधी, लाडू मग आणि चकली सर्वांत शेवटी. रात्री नऊनंतर तळण नाही, हा नियम. दुकानावर आणि सगळ्यांच्या मोबाइलवर पाटी लावली, 'धनत्रयोदशीला दुपारी दोनला बंद'. माझा फोन दोन दिवस वाजत होता. अकरा जणांना नाही म्हणावं लागलं. एका गिऱ्हाइकाने तर चांगलंच सुनावलं.

हिशेब सांगते, लपवत नाही. आधीच्या वर्षापेक्षा गल्ला थोडा कमी भरला. पण जळालेला, उरलेला, फुकट गेलेला मालही कमी झाला, आणि दवाखान्याचा खर्च झाला नाही. हातात पडलेल्या पैशात फरक राहिला, तो प्रत्येकीला दीडशे-दोनशे रुपयांचा. ज्या वहिनींनी विरोध केला होता, त्यांना तो फरक अजून खुपतो, आणि पुढच्या वर्षी निदान संध्याकाळी सहापर्यंत तरी चालू ठेवू असं त्या म्हणतायत. यावर पुन्हा बैठक होईल. व्हायलाच हवी.

आणि घरी? घरी कढई चढलीच, मैत्रिणींनो. माझ्याही घरी चढली. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी सासूबाईंना म्हटलं, आज नुसता भात, आमटी आणि सकाळचं पुरण, आणि आपण दोघी पहिल्या पंगतीला बसायचं. त्या आधी गप्प राहिल्या. मग पाट मांडताना त्यांनी स्वतःच दोन पाट जास्त मांडले.

येत्या बैठकीत तुमच्या गटात एक प्रश्न विचारून बघा. सणाच्या कोणत्या दिवशी, किती वाजता आपल्यातली प्रत्येक जण हात धुऊन बसणार? वेळ ठरवा, इतिवृत्तात लिहा आणि पाटी लावा. जमलं तर आम्हाला कळवा, नाही जमलं तर का नाही जमलं तेही कळवा.

ज्यांच्या घरी नाताळ आहे, त्या सगळ्या मैत्रिणींना नाताळाच्या शुभेच्छा. चोवीसच्या संध्याकाळी तुम्हीही बसा बरं का.